देव भाड्याने, राक्षस घरचा

देव भाड्याने मिळतात. डिसेंबर लागला की शाळाशाळांतून स्नेहसंमेलनाचं वारं सुटतं आणि ड्रेपरीवाल्याच्या दुकानात कृष्ण, राम, शंकर, विठ्ठल हँगरला लटकायला लागतात. वयोगटानुसार. विठ्ठलाबरोबर पुठ्ठ्याची वीट मिळते. कृष्णाच्या मुकुटात मोरपीस शिवलेलंच असतं. बासरीसाठी मात्र अनामत रक्कम ठेवावी लागते, कारण परत येताना ती हमखास रिक्षात राहते. महाराजांची दाढी, टिळकांची पगडी, जिजाऊंची नथ, सगळं आपापल्या पाकिटात, नंबर टाकून. एवढी चोख व्यवस्था असलेल्या दुकानात राक्षस मागितला की मालक चष्म्यावरून बघतो. “रावण आहे ना,” तो म्हणतो. पण रावण म्हणजे राजा. जरीचा अंगरखा, मुकुट, गळ्यात कंठा. जादाची नऊ तोंडं काढून ठेवली तर त्याच कपड्यांत रामसुद्धा उभा राहील. साधा, बिननावाचा, माणसं खाणारा राक्षस हवा असेल तर तो घरीच करावा लागतो.

आणि हे योग्यच आहे, असं मला आता वाटायला लागलंय. देवाला शास्त्र असतं. विष्णूचे हात ४ आणि त्यांत शंख, चक्र, गदा, पद्म या वस्तूही ४. कुठल्या हातात काय, याची अदलाबदल केली की बरोबर २४ प्रकार होतात, आणि संध्येच्या सुरुवातीला केशव, नारायण, माधव अशी जी २४ नावं घेतात, ती मूर्तिशास्त्रात या २४ प्रकारांची. म्हणजे शंख चुकून दुसऱ्या हातात गेला की केशवाचा भलताच कुणी होतो आणि जाणकार माणूस सभामंडपातून तुम्हाला तसं सांगतोही. राक्षसाच्या बाबतीत ही कटकट नाही. ‘शिंग डावीकडे जरा जास्तच वळलंय’ असं म्हणणारा शास्त्री अजून जन्माला यायचाय.

आमच्या तिसरीतल्या नातीला हे शास्त्र वगैरे ठाऊक नव्हतं. वर्गातल्या निम्म्या मुली जिजाऊ होणार, उरलेल्या झाशीची राणी, एवढं तिच्या कानावर आलं होतं. “मी राक्षस,” तिने जेवताना जाहीर केलं आणि आमटी भुरकली. तिच्या आईने विचारलं, “राक्षसीण का?” तर म्हणाली, “नाही. राक्षसच.” विषय संपला.

शाळेत मात्र संपला नाही. बाईंनी विचारलं, संदेश काय? हल्ली वेशभूषेला संदेश लागतो. भाजीवाली आली तर तिने पालेभाज्यांतलं लोह सांगायचं, झाड आलं तर त्याने प्राणवायूबद्दल बोलायचं. राक्षस यायला हरकत नाही, पण त्याने प्लास्टिकचा राक्षस व्हावं, किंवा प्रदूषणाचा, गेला बाजार मोबाइलच्या व्यसनाचा. हे ऐकून नात घरी आली ती रडवेली होऊन. तिला कशाचाही राक्षस व्हायचं नव्हतं. नुसता राक्षस व्हायचं होतं, ज्याला भूक लागते.

यावर घरात दोन तट पडले. आमचे हे मूळचे नागपूरचे. त्यांनी बाईंची बाजू घेतली. तान्ह्या पोळ्याला नागपुरात काळी आणि पिवळी अशा दोन मारबतींच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, १८८०च्या दशकापासून निघते, आणि तिच्याबरोबर बडगे निघतात. बडगे म्हणजे कागद, चिंध्या, गवत, बांबू, हाताला लागेल त्याचे केलेले पुतळे. त्यांच्या गळ्यात पाट्या असतात. कुणी महागाईचा बडगा, कुणी भ्रष्टाचाराचा. गावभर मिरवायचं, इडापीडा घेऊन जा म्हणायचं आणि शेवटी जाळायचं. “संदेश ही आपली परंपरा आहे,” हे म्हणाले. मी म्हटलं, “बडग्याला जाळतात. तुमच्या नातीला संमेलनानंतर घरी आणायचंय.” तेवढ्यावर ते गप्प झाले, पण पटलं म्हणून नव्हे. माळ्यावर चढायची संधी दिसली म्हणून.

कारण आमचा माळा हा यांच्या आयुष्यभराच्या एका सिद्धान्तावर उभा आहे. ‘लागेल कधीतरी.’ मिक्सर बिघडून भंगारात गेला, तरी त्याचं खोकं आहे. कुलूप हरवलेल्या किल्ल्या आहेत. झाकणं नसलेले डबे एका पोत्यात आणि डबे नसलेली झाकणं दुसऱ्या पोत्यात. ही दोन पोती एकमेकांना कधी भेटलेली नाहीत. मोडक्या छत्र्या, अंड्यांचे कागदी ट्रे, टीव्हीबरोबर आलेला थर्माकोल, आइस्क्रीमच्या कपातले चपटे चमचे, सुतळी, लग्नपत्रिकांवरचे गणपती कापून उरलेल्या पत्रिका. (गणपती टाकायचा नसतो, म्हणून तो कापून वेगळ्या डब्यात. उरलेली पत्रिका टाकायला हरकत नव्हती, पण कागद जाड असतो म्हणे.) मी या माळ्याविरुद्ध इतकी वर्षं बोलत आले. राक्षसाची यादी करायला बसलो तर यादीतली एकही वस्तू विकत आणावी लागेना. हे शिडीवरून एकेक गोष्ट खाली देत होते आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे बघत होते. तोंडाने काही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं.

राक्षस दिसावा कसा, यावर मात्र एकमत होईना. आमची सून गोव्याची. तिच्या मते राक्षस म्हटला की नरकासुर. तिच्या गावात दिवाळीआधी कितीतरी दिवस पोरं अभ्यास सोडून नरकासुराच्या मागे असायची. बांबूचा सांगाडा, त्यात गवत आणि रद्दी ठासायची, वर कागद चिकटवायचा, मुखवटा बसवायचा. नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री तो मिरवायचा, स्पर्धा, ढोल, आरडाओरडा, आणि उजाडायच्या आत जाळून टाकायचा. मग घरी येऊन तेल लावून आंघोळ, तुळशीपाशी कारीट फोडायचं आणि फोव खायचे. दुधातले, ताकातले, रोसातले. तिचं म्हणणं, नरकासुर एवढा उंच हवा की वीजवाल्यांना तारा बाजूला कराव्या लागल्या पाहिजेत. शेजारी कृष्णही असतो, पण पोरांचा जीव त्याच्यावर नसतो. सगळी कलाकारी राक्षसाच्या सुळ्यांवर खर्ची पडते आणि कृष्ण शेवटच्या क्षणी कुणाच्या तरी धाकट्या भावाला निळा रंग फासून उभा करतात. गोव्यातली वडीलधारी माणसं दरवर्षी यावर नाराज होतात. पुढच्या वर्षी नरकासुर आणखी मोठा होतो.

माझा राक्षस वेगळा. मी रत्नागिरीकडची. शिमग्यात नमनाच्या खेळ्यांबरोबर संकासुर यायचा. काळा अंगरखा, डोक्यावर उंच टोकदार टोपी, पांढरी दाढी आणि कमरेला घुंगरांची माळ. घुंगरांचा आवाज वाडीच्या वळणावर ऐकू आला की आम्ही पोरं माजघरात पळायचो आणि लगेच खिडकीशी यायचो. खाली मालवणाकडच्या दशावतारातही हाच. वेद चोरणारा शंखासुर, ज्याला मारायला विष्णूने मत्स्यावतार घेतला. पुराणात एवढा गुन्हेगार, पण रंगमंचावर आला की तो मालवणीत अशा काही गमती करतो की लोक विष्णू जरा उशिराच यावा म्हणून बसलेले असतात. त्याच्या अंगावर हजाराचंसुद्धा सामान नसतं.

कारीट तर त्याहून स्वस्त. छोटंसं कडू फळ, डाव्या पायाच्या अंगठ्याखाली चिरडायचं आणि म्हणायचं, मेला नरकासुर. तेच वेशभूषेला पाठवू का, असं मी सुचवून पाहिलं. नातीला ते विनोदी वाटलं नाही.

शेवटी जे झालं ते असं. डोकं मी घेतलं, कारण खळ मला येते. मैदा आधी गार पाण्यात कालवायचा, गुठळी राहू द्यायची नाही, मग उकळत्या पाण्यात सोडून ढवळत राहायचं. पांढरेपणा जाऊन जरा आरपार दिसायला लागलं की उतरवायचं. बुकबाइंडर तिच्यात कीड लागू नये म्हणून मोरचूद टाकतात. पण मोरचूद विषारी आणि हे प्रकरण पोराच्या तोंडावर बसणार, म्हणून मी मेथ्या वाटून घातल्या. माझी आजी कागदाच्या लगद्यात मेथ्या घालून जुन्या टोपल्या, सुपं लिंपायची. मेथी भिजली की चिकटते, आणि कडूपणामुळे किडे तिच्या वाटेला जात नाहीत. दोन दिवस घरभर मेथीच्या लाडवांचा वास होता. हे तीनदा स्वयंपाकघरात डोकावून गेले.

साचा म्हणून फुगा. त्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्या, खळीत बुडवून, आडव्याउभ्या. पट्ट्या कात्रीने कापायच्या नाहीत, फाडायच्या. फाटलेली कड विरळ असते, ती शेजारच्या पट्टीत मिसळून जाते. कापलेली कड वाळल्यावर रेघ दाखवते. आणि वर्तमानपत्र उभं फाडलं तर सरळ फाटतं, आडवं फाडलं तर मनाला येईल तसं. यंत्रावर कागद होताना लगद्यातले तंतू एकाच दिशेला निजतात, म्हणून. नातीने ही गोष्ट स्वतः शोधून काढली आणि दिवसभर घरातला प्रत्येक कागद दोन्ही बाजूंनी फाडून पाहिला. त्यात विजेचं बिल होतं. ते उभं सरळ फाटलं.

एक थर वाळला की दुसरा. असे चार-पाच थर झाले की फुगा फोडायचा. हा क्षण कुणाला मिळावा यावर बरीच बोलणी झाली. शेवटी टाचणी नातीने धरली आणि तिचा हात आजोबांनी.

खरी अक्कल डोळ्यांत आहे. नवखा माणूस मुखवट्याच्या डोळ्यांना भोकं पाडतो आणि पोराला त्यातून बघायला लावतो. मग पोर जिन्यावरून गडगडतं. कोऱ्या करवंट्यांचे डोळे आम्ही वर कपाळाच्या जागी लावले, बुबुळांना बाटल्यांची लाल झाकणं, आणि तोंड मोठं आ वासलेलं ठेवलं. नात राक्षसाच्या तोंडातून बघते. तिथे मच्छरदाणीचा काळा तुकडा आतून, खालची कड सुटी ठेवून लावला, म्हणजे तिला बाहेरचं दिसतं, बाहेरच्यांना ती दिसत नाही. राक्षसाची उंची वीतभर वाढते, श्वास कोंडत नाही, आणि कुणी खाऊ दिला तर तो थेट योग्य ठिकाणी पोचतो. दात थर्माकोलचे. थर्माकोलच्या ताटवाट्यांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, दातांवर नाही. नखं आइस्क्रीमच्या चमच्यांची. केस नारळाच्या शेंड्यांचे, न विंचरता. पाठीवर अंड्यांचे ट्रे उलटे करून शिवले की कण्यावर काट्यांची रांग उभी राहते. मगरीलासुद्धा इतकी रेखीव मिळत नाही.

पंखांचं श्रेय सुनेला. मोडक्या छत्रीच्या साधारण ८ पाकळ्या असतात. काड्या काढून कापड मधोमध कापलं की चार-चार पाकळ्यांचे दोन पंख होतात, आणि खालची कड अशी खोलगट वळलेली असते की वटवाघळाने ओळख द्यावी. छत्री यांची होती. एकच काडी मोडली आहे, दुरुस्त होईल, असं त्यांचं मत होतं. हे मत ते बऱ्याच पावसाळ्यांपासून बाळगून होते.

राहिली चाल आणि आवाज. इथे माझ्या मुलाने जपानहून मदत आणली. १९५४ साली ‘गोजिरा’ नावाचा सिनेमा निघाला, ज्याला जग गॉडझिला म्हणतं. त्यातला अक्राळविक्राळ प्राणी म्हणजे रबरी पोशाखाच्या आत घुसलेला हारुओ नाकाजिमा नावाचा माणूस. पोशाख इतका जड की चालणंच मुश्कील, वरून दिव्यांची उष्णता. चाल कशी असावी हे ठरवायला नाकाजिमा प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती आणि अस्वलं बघत बसत. नातीने हे लक्ष देऊन ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठून आजोबांच्या खोलीच्या दाराशी जाऊन बसली. हे पलंगावरून कसे उठतात, आधी एक हात गुडघ्यावर, मग ‘आई गं’, मग दोन पावलं वाकडी, मग सरळ, हे सगळं तिने टिपलं. संध्याकाळी मुखवटा घालून तिने जी चाल करून दाखवली, ती बघून हे सोडून सगळे घाबरलो.

डरकाळीची गोष्ट आणखी न्यारी. गॉडझिलाचा आवाज कुठल्याही प्राण्याचा नाही. संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी राळ लावलेला चामडी हातमोजा मोठ्या डबल बेसच्या सैल केलेल्या तारेवरून ओढायला लावला आणि त्या ध्वनिमुद्रणाचा वेग बदलून घेतला. आमच्याकडे डबल बेस नाही. पण झाकण नसलेला डबा आहे, एक पोतंभर आहेत. बुडाला भोक, त्यातून ओवलेली सुतळी, आत गाठ, आणि ओल्या फडक्याने सुतळी चिमटीत धरून ओढायची. फडकं अडकतं, सुटतं, अडकतं, सुटतं, डबा त्याचा आवाज करतो. पहिल्याच प्रयोगाला खालच्या मजल्यावरच्या काकूंनी फोन करून विचारलं की पंपाचं काही बिघडलंय का.

सगळे भाग जोडून राक्षस पहिल्यांदा दिवाणखान्यात उभा राहिला तेव्हा शेजारपाजारची माणसं बघायला आली आणि बारशाला आल्यासारखी बोलायला लागली. नाक आजोबांवर गेलंय. हसणं आईचं. बसण्याची ढब थेट आत्याची. कुणी मागच्या बाजूने निरखून म्हणालं, मान वळवतो ती अगदी तुमच्यासारखी. खोटं नव्हतं. ज्याच्या कातडीत आमच्याच घरची वर्तमानपत्रं आहेत, तो दुसऱ्या कुणासारखा दिसणार? भाड्याचा कृष्ण सगळ्या घरांत तोच. हा मात्र आमच्या पत्त्यावरचाच होता. त्याच्या डाव्या गालावर, रंगाच्या खाली, नीट पाहिलं तर ‘वधू पाहिजे’ एवढं अजून वाचता येतं.

संमेलनाचं फार सांगण्यासारखं नाही. सहा जिजाऊ झाल्या, तीन वासुदेव झाले, मग निवेदिकाबाईंनी वाक्य अर्धवट सोडलं, कारण पडद्यामागून डबा वाजला. राक्षस आला. वाकडी दोन पावलं, मग सरळ. संदेशाची जागा आली तेव्हा नात माइकसमोर उभी राहून म्हणाली, “मी राक्षस आहे. मला भूक लागली आहे.” आणि पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांच्या पुढ्यातली पेढ्यांची बशी उचलून तोंडात एक पेढा टाकला. राक्षसाच्या तोंडात, म्हणजे तिच्याच. शिशुवर्गाचा विठ्ठल विटेवरून उतरून आईकडे गेला. पहिलं बक्षीस ‘पृथ्वी वाचवा’ला मिळालं; पृथ्वी थर्माकोलची होती, नवी, खास करवून घेतलेली. आम्हाला उत्तेजनार्थ. परीक्षकांनी शेरा लिहिला होता: सादरीकरण उत्तम, संदेश स्पष्ट नाही. हा शेरा नातीने फ्रिजवर लावून ठेवला आहे.

आता प्रश्न राक्षसाच्या मुक्कामाचा. माळ्यावर पंख मावेनात. गॅलरीत ठेवला तर कबुतरं पळतील अशी एक आशा होती. ती अंड्यांच्या ट्रेवर येऊन बसली, आणि खरं तर त्यांचं बरोबर आहे. म्हणून एका सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या मावशींना विचारलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली, राक्षसाकडे चहूबाजूंनी बघितलं आणि म्हणाल्या, “आजी, हा ओला का सुका?”

आम्ही कुणी हा विचारच केला नव्हता. कागद सुका. पण त्यात मैदा आणि मेथी, म्हणजे ओला. करवंट्या ओल्या धरायच्या की सुक्या यावर सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकदा भांडण झालेलं आहे. झाकणं वेगळी, थर्माकोल वेगळा, छत्रीचं कापड कशातच बसत नाही. “असं मिक्स नाही घेत आम्ही,” मावशी म्हणाल्या. “सुटं करून ठेवा, उद्या नेते.” रद्दीवालाही तेच बोलला, शिवाय खळीमुळे वजन फसवं आहे असं म्हणून गेला.

हे पक्कड घेऊन बसले. नात पंखावर बसली, म्हणजे काम सोपं होऊ नये. दुपारपर्यंत खटपट करून त्यांनी जेमतेम एक डोळा सुटा केला. करवंटी बाजूला ठेवून ते चहा प्यायला आत आले, तेवढ्यात तिने फ्रिज उघडून वाटीत उरलेली खळ काढली आणि तो होता तिथेच, फक्त थोडा वाकडा, परत चिकटवला.